क्वाड बाईक, स्प्लेंडर आणि रोह्यांची मोजणी

दोन आठवड्यांपूर्वी चुलतभावाने एक व्हिडिओ पाठवला. दक्षिण आफ्रिकेतलं कुठलंसं खाजगी गेम रिझर्व्ह. पाच-सहा पर्यटक हेल्मेट घालून क्वाड बाईकवर बसलेत, पुढे गाईडची गाडी, मागे लाल मातीचा धुरळा. वळणावर झेब्र्यांचा कळप उभा. गाड्या थांबतात, झेब्रे मान वर करून बघतात आणि परत चरायला लागतात. खाली भावाचा मेसेज: "ताई, तुझी पीएचडी अशीच असते ना? फक्त झेब्र्याच्या जागी रोही!"

आधी हसू आलं. मग वाटलं, हा बोलतोय ते अगदीच खोटं नाही. माझ्या फील्डवर्कचा पहिला हंगाम जवळपास असाच गेला होता. चार चाकांच्या जागी दादाची जुनी स्प्लेंडर आणि आफ्रिकन सॅव्हानाच्या जागी सुलतानपूरच्या शिवारातले पांदण रस्ते, एवढाच काय तो फरक. तो हंगाम मला पुढे अख्खाच्या अख्खा बाजूला ठेवावा लागला. का, ते आज सांगते. तुमच्यापैकी कुणी सिनॉप्सिस लिहीत असेल आणि "पद्धती" या प्रकरणात "वाहनाने सर्वेक्षण करण्यात येईल" असं एक वाक्य टाकून पुढे जाणार असेल, तर त्याआधी हे वाचा.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. सुलतानपूर हे बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात. लोणारचं सरोवर सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या भोवती एक वन्यजीव अभयारण्यही आहे, ते सन 2000 मध्ये जाहीर झालं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ते आहे चार चौरस किलोमीटरपेक्षाही लहान. आमच्याकडचे प्राणी काही त्या हद्दीत मावत नाहीत. रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, आणि रानडुकरं शेतातच राहतात, शेतातच खातात. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा, सगळ्यावर त्यांचा हक्क. आमचे काका आणि शेजारचे शेतकरी थंडीतसुद्धा रात्री जागलीला जातात. त्यामुळे "शिवारात रोही किती?" हा प्रश्न आमच्याकडे फक्त प्राणीशास्त्राचा नाही. आकडा कमी आला तर शेतकरी उगाच ओरडतात असं कुणीतरी म्हणणार. जास्त आला तर उपाय करा, हाकला, मारा अशी मागणी होणार. आकडा माझ्या वहीत असेपर्यंत निरुपद्रवी असतो. छापून आला की तो माझा राहत नाही.

तर पहिल्या हंगामात मी असं केलं. गावाच्या चारी बाजूंचे पांदण रस्ते ठरवून घेतले. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी, ताशी पंधरा-वीसच्या वेगाने स्प्लेंडर चालवायची. रोही दिसले की थांबायचं, दुर्बीण काढायची, मोजायचं, जीपीएसवर नोंद घ्यायची, पुढे निघायचं. दर आठवड्याला तोच रस्ता. सगळं शिस्तीत. आणि दर आठवड्याला आकडा खाली येत गेला. मी आनंदाने आलेख काढला, खाली झुकणारी रेघ दिसली आणि वाटलं, काहीतरी सापडलं!

काकांना दाखवलं. त्यांनी आलेखाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "रोही कमी नाही झाले पोरी. तुही गाडी ओळखू राह्यले ते."

पुढचे दोन दिवस मी मोजायचं सोडून नुसतं बघितलं. रस्त्यावरून सरळ निघून जाणाऱ्या मोटरसायकलकडे रोही ढुंकूनही बघत नव्हते. पण मोटरसायकल थांबली की माना वर. कारण आमच्याकडे शेताजवळ थांबणारी मोटरसायकल म्हणजे बहुतेक वेळा हाकलायला आलेला माणूस, हातात गोफण किंवा खिशात सुतळी बॉम्ब. मी थांबत होते, उतरत होते, वर दुर्बिणीसारखं काहीतरी त्यांच्यावर रोखत होते. आठवड्यागणिक ते शिकत गेले आणि मी यायच्या आधीच तुरीत शिरायला लागले. माझा आलेख रोह्यांच्या संख्येचा नव्हताच. तो रोह्यांच्या शहाणपणाचा होता.

आता भावाच्या व्हिडिओकडे परत या. ते झेब्रे पळाले का नाहीत? गेम रिझर्व्हमध्ये तीच गाडी, त्याच वाटेने, रोज येते आणि त्यांना काहीही करत नाही. प्राणी अशा गोष्टीला सरावतात. याला हॅबिच्युएशन म्हणतात. त्यामुळे क्वाड बाईकवरून दिसतात ते सरावलेले प्राणी. न सरावलेले आवाज ऐकूनच दूर झाडीत गेलेले असतात आणि ते व्हिडिओत येत नाहीत. पर्यटकाचं त्यात काही बिघडत नाही, त्याला झेब्रा दिसला, पैसे वसूल. पण तीच फेरी कुणी मोजणी म्हणून वापरली तर रोही शिकल्यामुळे माझा आकडा जसा घसरला, तसाच झेब्रे सरावल्यामुळे त्याचा आकडा वाढेल.

वाहनाचा परिणाम नुसता "दिसणं-न दिसणं" एवढ्यावर थांबत नाही, हेही आफ्रिकेतूनच दिसलंय. केनियातल्या मासाई मारामध्ये चित्त्यांवर फेमके ब्रोखाउस यांनी केलेलं काम 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. पर्यटक कमी असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी 2.3 पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली. पर्यटक जास्त असलेल्या भागात हा आकडा होता 0.2. परत वाचा, शून्य पूर्णांक दोन. गाड्यांनी पिल्लं चिरडली असं कुणी म्हणत नाही. शिकार करताना आईभोवती गाड्यांचा गराडा पडला की शिकार हुकते, मिळालेली शिकार सोडून द्यावी लागते, आई-पिल्लांची ताटातूट होते, अशी कारणं मांडली जातात. शिवाय प्रौढ चित्ते दोन्हीकडे दिसतच होते. नुसते चित्ते मोजून समाधान मानलं असतं तर हे हाती लागलंच नसतं.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेटर क्रूगर भागातलं, 2023 सालचं. लियाना झानेट आणि सहकाऱ्यांनी पाणवठ्यांवर स्पीकर आणि कॅमेरे लावले. प्राणी जवळ आला की स्पीकरवर आवाज वाजायचा. कधी सिंहांचा, कधी बंदुकीचा आणि कुत्र्यांचा, कधी साध्या शांत आवाजात बोलणाऱ्या माणसांचा. माणसाचा आवाज ऐकून प्राणी पळण्याची शक्यता सिंहाच्या आवाजाच्या दुप्पट निघाली आणि पाणवठा सोडून जायला लागणारा वेळ 40 टक्क्यांनी कमी. जिराफ, बिबट्या, हत्ती, गेंडा, बहुतेक सगळ्यांचं हेच. (एका हत्तीला सिंहाच्या आवाजाचा इतका राग आला की त्याने यंत्रच तुडवून टाकलं. उपकरणांच्या बजेटमध्ये "हत्ती" असा एक कॉलम हवा.)

यातून लगेच "गाडी वाईट, पायी चांगलं" असा निष्कर्ष काढू नका. मीही काढला होता आणि परत फसले असते. ज्या अभयारण्यात गाड्या रोजच्या आहेत तिथे प्राणी जीपला जुमानत नाहीत, पण तिच्यातून माणूस खाली उतरला की उधळतात. आमच्या शिवारात उलटं आहे. विळा घेऊन हळूहळू चालणारी बाई ही रोह्यांच्या ओळखीची गोष्ट, थांबलेली मोटरसायकल ही धोक्याची. म्हणजे उत्तर जागेवर अवलंबून आहे आणि ते जागेवरच तपासावं लागतं. त्यासाठी एक साधं माप आहे, फ्लाईट इनिशिएशन डिस्टन्स. आपण जवळ जात असताना प्राणी पळायला लागतो त्या क्षणी आपल्यात आणि त्याच्यात किती अंतर होतं, बस. चालत जाऊन, गाडीने न थांबता, गाडी थांबवून, असं प्रत्येक प्रकारे हे अंतर मोजायचं. दहा-पंधरा दिवसांचं काम आहे. मी ते पहिल्या हंगामाच्या आधी करायला हवं होतं, केलं नंतर.

आता मुख्य गोष्ट, जी समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मोजणीत "किती दिसले" यापेक्षा "किती अंतरावर दिसले" हे महत्त्वाचं असतं. या पद्धतीला डिस्टन्स सॅम्पलिंग म्हणतात. नकाशावर आधीच सरळ रेघा आखायच्या, त्यांना लाईन ट्रान्सेक्ट म्हणतात. त्या रेघेवरून चालायचं आणि प्रत्येक कळप रेघेपासून काटकोनात किती लांब होता ते लिहायचं. प्रत्यक्षात आपण रेंजफाईंडरने प्राण्यापर्यंतचं तिरकं अंतर मोजतो आणि होकायंत्राने कोन. कळप 100 मीटरवर, रेघेशी 30 अंशांच्या कोनात असेल, तर काटकोनातलं अंतर 100 गुणिले साईन 30, म्हणजे 50 मीटर. दहावीची त्रिकोणमिती इथे कामाला येते.

याचा फायदा बघू. खालचे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत, माझ्या डेटातले नाहीत. समजा तुम्ही एकूण 10 किलोमीटर चाललात आणि 20 कळप दिसले. रेघेपासून 50 मीटरच्या आत 8, 50 ते 100 मध्ये 7, 100 ते 150 मध्ये 3, 150 ते 200 मध्ये 2. आता समजा तेवढंच अंतर गाडीने गेलात आणि पुन्हा 20 कळप दिसले, पण 50 मीटरच्या आत 1, पुढच्या पट्ट्यात 4, मग 8, मग 7. बेरीज दोन्हीकडे 20. वहीच्या शेवटच्या रकान्यात फक्त बेरीज लिहिणाऱ्याला दोन्ही दिवस सारखेच वाटतील.

पण पहिल्या दिवशी जवळ जास्त आणि लांब कमी, हे बरोबर आहे. लांबचं नजरेतून सुटतंच. म्हणून आपण धरतो की जवळच्या पट्ट्यात जवळजवळ सगळे दिसले. तो पट्टा दोन्ही बाजूंना 50-50 मीटर, लांबी 10 किलोमीटर, म्हणजे क्षेत्र 1 चौरस किलोमीटर. त्यात 8 कळप. म्हणजे दर चौरस किलोमीटरला 8 कळप. लांबच्या पट्ट्यात घनता तेवढीच असणार, फक्त आपल्याला कमी दिसले. आता हेच गणित डोळे झाकून दुसऱ्या दिवसाला लावा, उत्तर येतं 1. आणि अंतराचा विचारच न करता 200 मीटरपर्यंतचा सगळा पट्टा धरला, तर क्षेत्र 4 चौरस किलोमीटर, कळप 20, उत्तर 5. एकाच शिवारात, तेवढेच 20 कळप बघून, तीन उत्तरं: आठ, पाच, एक. शेतकऱ्याच्या तक्रारीच्या दृष्टीने आठ आणि एक यात केवढा फरक आहे बघा.

दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांमधला तो जवळचा खड्डा हाच पुरावा असतो की प्राणी तुम्हाला दिसण्याआधीच बाजूला सरकले. डिस्टन्स सॅम्पलिंगची ही अटच आहे: रेघेवरचा प्राणी सुटता कामा नये, आणि प्राणी तुमच्यामुळे हलण्याआधी तो जिथे होता तिथलंच अंतर मोजायला हवं. क्वाड बाईकसारखी मोठ्या आवाजाची गाडी ही अट पहिल्याच मिनिटाला मोडते. म्हणून म्हणते, बेरीज नका लिहू, प्रत्येक नोंदीचं अंतर लिहा, आणि दर आठवड्याला त्याचा हिस्टोग्राम काढून बघा. खड्डा लवकर दिसला तर पद्धत बदलता येते. मला दिसलाच नाही, कारण अंतरं लिहिली नव्हती.

आणि रस्त्याचं काय? गाडी म्हटली की रस्ता आला. पण रस्ता हा नमुना म्हणून निवडलेला नसतो, तो माणसांनी सोयीने केलेला असतो. आमचे पांदण रस्ते धुऱ्याधुऱ्याने, नाल्याकाठाने जातात, कडेला बाभळी आणि बोरी असतात. तिथे रोह्यांना सावली आणि आडोसा मिळतो. उलट जिथे रस्ताच जात नाही त्या गोट्याळ बरड माळाबद्दल रस्त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून रेघा रस्त्याशी समांतर न आखता त्याला छेदून आखतात. देशभरातल्या व्याघ्रगणनेत 2006 पासून दर चार वर्षांनी वनरक्षक तृणभक्षी प्राण्यांसाठी अशाच रेघांवरून पायी चालतात. त्याच्याही आधी, 1980 च्या दशकात, उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत पायी लाईन ट्रान्सेक्टने असं काम केलं होतं.

गाडीचा प्रश्न फक्त जमिनीवरचा नाही बरं. 1950 च्या दशकाच्या शेवटी बर्नहार्ड आणि मिखाएल ग्झिमेक या बापलेकांनी टांझानियातल्या सेरेंगेटीत झेब्र्याचे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून प्राणी मोजले. विल्डबीस्टचा त्यांचा आकडा सुमारे 99 हजार होता. 1961 मध्ये हवाई छायाचित्रं वापरून झालेल्या मोजणीत तो दोन लाखांच्या वर गेला. तीन वर्षांत कळप आपोआप दुप्पट झाला असं मानणं कठीण आहे. फरकाचा मोठा भाग पद्धतीचा आणि मोजलेल्या क्षेत्राचा असणार. मिखाएल याच कामात जानेवारी 1959 मध्ये विमान अपघातात गेले, गिधाड धडकून. त्यांचा आकडा कमी पडला असेल, पण पुढच्यांना सुधारायला काहीतरी मिळालं ते त्याच आकड्यामुळे.

पिकाचा मुद्दा थोडक्यात सांगते, कारण तो आफ्रिकेच्या पुस्तकांत मिळणार नाही. आपल्याकडे पडदा दर महिन्याला बदलतो. सप्टेंबरात सोयाबीन, त्यात बसलेला रोही दिसत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, पण तूर डोक्याएवढी होत असते. जानेवारीत तूरही गेली की अचानक सगळीकडे रोहीच रोही. ते वाढले नाहीत, पडदा उठला. म्हणून दोन हंगामांची तुलना करायची तर प्रत्येक हंगामाची दृश्यता वेगळी काढावी लागते. त्यासाठी नोंदी पुरेशा हव्यात. बकलँड आणि सहकाऱ्यांचं 2001 चं पुस्तक लाईन ट्रान्सेक्टसाठी किमान 60 ते 80 नोंदी सुचवतं, आणि मी प्रत्येक हंगामासाठी तेवढ्या धरते. नाहीतर "डिस्टन्स" या सॉफ्टवेअरला तरी बिचाऱ्याला काय जमणार. ते स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं आहे आणि फुकट मिळतं.

आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्ञानगंगा अभयारण्य, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, सुमारे 205 चौरस किलोमीटर, अस्वलांसाठी प्रसिद्ध. 2019 च्या शेवटी तिथे एक वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला हा नर, नाव टी1सी1, 2019 च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याला रेडिओ कॉलर लावली होती. कॉलर दर तासाला जागा कळवत होती. महाराष्ट्र आणि तेलंगणातून तो 3,000 किलोमीटरहून जास्त चालला आणि त्याच्या पाच हजारांहून अधिक जागा नोंदल्या गेल्या. त्यातला मोठा भाग शेतं, नाले, गावांच्या कडा असा होता. जिप्सीत बसून जंगलातल्या ठरलेल्या रस्त्यांवर कुणी जन्मभर फिरलं असतं, तरी हा मार्ग कागदावर आला नसता. कारण गाडी फिरते ते अभयारण्याच्या आत, आणि हा बहुतेक प्रवास बाहेरचा. अर्थात कॉलरलाही तिची मर्यादा आहे. एका वाघाची पाच हजार ठिकाणं म्हणजे पाच हजार वाघ नव्हेत. त्या एका वाघाबद्दल ती खूप सांगते, बाकीच्यांबद्दल फार कमी.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. तुमची एकही रेघ अभयारण्याच्या हद्दीत जाणार असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 28 खाली परवानगी लागते. अर्ज लवकर करा, आणि वाहन वापरणार असाल तर कुठलं, किती वेळा, कुठल्या वाटेने हे त्यात स्पष्ट लिहा. आणि आरआरसीसमोर कुणी विचारलं की "पायीच का? गाडीने पटकन होईल की!", तर "गाडीने प्राणी घाबरतात" असं मोघम उत्तर देऊ नका. पळण्याच्या अंतराचा तुमचा प्राथमिक डेटा काढून दाखवा. माझ्याकडे तो नव्हता तेव्हा मला वीस मिनिटं उभं केलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

तसा मोटरसायकलवर माझा राग नाही. सलीम अलींना मोटरसायकलींचं भारी वेड होतं. 1950 मध्ये स्वीडनमधल्या पक्षीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ते आपली सनबीम घेऊन गेले होते. माझी स्प्लेंडरही अजून कामात आहे. पहाटे साडेपाचला ती मला रेघेच्या टोकापासून अर्धा किलोमीटर अलीकडे सोडते आणि तिथेच बाभळीखाली उभी राहते. तिथून पुढे मी आणि काकांकडे कामाला येणारी एक मावशी, दोघी चालत जातो. मावशीची नजर माझ्या दुर्बिणीपेक्षा तेज आहे. तुरीच्या शेंड्यांवर दोन कान दिसले की ती नुसती कोपर मारते, मी अंतर आणि कोन घेते, ती कळप मोजते.

भावाला मी उत्तर पाठवलं: दिवाळीत ये, पण गाडी नाही, बूट घेऊन ये. त्याचा अजून रिप्लाय नाही.